रोजच्या वापरातली जीप

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये अगदी शेवटच्या खांबापाशी एक जागा आहे. तिथे अकरा वर्षं माझी जीप उभी राहायची. संध्याकाळी आठपासून सकाळी साडेआठपर्यंत. उरलेला वेळ ती रस्त्यावर असे. हे आधीच सांगते, कारण जुनी जीप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कव्हर घातलेली, रविवारी पुसली जाणारी, फोटोपुरती बाहेर काढली जाणारी गाडी येते. ही तशी नव्हती. ती माझी ऑफिसला जायची गाडी होती. भाजी, मुलीची शाळा, गॅसचं सिलिंडर, सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं तिच्यातून झालं.

पेट्रोलवर चालणारी, कापडी छपराची, चारही चाकांना जोर देता येणारी. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. मागे समोरासमोर दोन बाकं. दार लावायचं तर दणका द्यावा लागे आणि दणका नेमका कडीच्या खाली बसला तरच ते लागे. चारही चाकांना जोर द्यायचा असेल तर खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली चकती हाताने फिरवायची. मथुरा रोडवर याची गरज अकरा वर्षांत एकदाही पडली नाही.

मी गाडी शिकले चौतिसाव्या वर्षी. पहिली दोन वर्षं नवऱ्याची छोटी गाडी चालवली. छोट्या गाडीतल्या बाईला बदरपूरपासून आश्रमपर्यंत कोणी रस्ता देत नाही. बसवाला कडेला दाबतो, मागचा हॉर्न वाजवत राहतो, सिग्नलला शेजारचा काच खाली करून सल्ला देतो. जीप घेतली आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या गाड्या हातभर अंतर ठेवायला लागल्या. त्यांना माझ्याबद्दल आदर वाटू लागला होता असं नाही. त्यांना आपल्या गाडीच्या रंगाची काळजी होती. मला तेवढं पुरत होतं.

घेतली तेव्हा ती चार वर्षांची होती. पहिला मालक बांधकामाचे ठेके घ्यायचा आणि अरवलीच्या बाजूच्या साइट्सवर ती फिरवायचा. मुलाला एसीची गाडी हवी म्हणून त्याने ती विकली. किल्ली देताना त्याने माझ्याकडे, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्याने ती मला दिली. ठेकेदार म्हणाला, "अच्छा, मैडम चलाएँगी?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "चलो, हफ़्ते भर में वापस ले आना, मैं रख लूँगा." मी त्याला पुन्हा भेटले नाही.

नवरा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. ब्रेकचे भाग तयार होऊन आले की त्यांची तपासणी करणं हे त्याचं काम. सकाळी पावणेसातला कंपनीची बस त्याला मुख्य चौकातून घेते. घरी त्याचं माझ्या गाडीबद्दल एकच मत होतं आणि ते तो वर्षातून दोन-तीनदा ऐकवायचा.

"आमच्या तपासणीत पहिल्याच टेबलावर बाद होईल ही."

"म्हणून तर ती टेबलावर नाहीये, रस्त्यावर आहे."

"त्यात काय मोठेपणा?"

"मोठेपणा नाही. पत्ता सांगितला."

तो तिच्यात बसायचा तेव्हा उजवा हात आधारासाठी समोरच्या दांडीवर असायचा. चालवायला मात्र कधी बसला नाही. मी विचारलं की म्हणायचा, माझी नोकरी आहे, कोणी पाहिलं तर काय म्हणेल.

सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, मृदू बोलणारे गृहस्थ आहेत. दर दिवाळीला मिठाईचा डबा द्यायला येत आणि दारातच विचारत, "भाभीजी, इस बार नई गाड़ी?" मी म्हणे, "इस बार नया टायर." एकदा ते जरा थांबले आणि म्हणाले, "बुरा मत मानिए, पर ये गाड़ी आप पर सूट नहीं करती."

"मुझे पहननी थोड़ी है, अंकल."

त्याच महिन्यात लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली. 'पुरानी एवं खटारा गाड़ियों' मुळे पार्किंगमध्ये तेलाचे डाग पडतात आणि येणाऱ्या पाहुण्यांवर वाईट परिणाम होतो, तरी संबंधितांनी पर्यायी व्यवस्था करावी. संबंधित एकच होते. मी समितीला लेखी विचारलं की खटारा ठरवण्याचं माप कोणतं धरलं आहे: वय, आवाज की रूप? आवाजाचं माप असेल तर दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या मोटारसायकलचं काय? रूपाचं असेल तर ते ठरवणार कोण? गाडीचं प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र दर वेळी पहिल्या फेरीत मिळतं, त्याची प्रत सोबत जोडली होती. डागाबद्दल मी वाद घातला नाही. डाग खरा होता. दुसऱ्या दिवसापासून मी गाडीखाली पुठ्ठा ठेवायला लागले. समितीचं उत्तर आलं नाही. सूचना फळ्यावर तशीच राहिली आणि हळूहळू तिच्यावर योगासनांच्या वर्गाची जाहिरात आली.

दिल्लीत पाणी तुंबल्यावर जीपने कोणाला तरी वाचवलं आणि मग सगळ्यांचं मत बदललं, अशी गोष्ट मला लोक हमखास विचारतात. तसं एकदा झालं. अंडरपासमध्ये सेक्रेटरींच्या मुलाची गाडी बंद पडली होती, मी दोर लावून ती वर काढली. मुलगा थँक्यू म्हणाला. पुढच्या दिवाळीला वडिलांनी पुन्हा नव्या गाडीबद्दल विचारलं. मत बदलायला एक दोर पुरत नाही.

अडचण निराळीच होती. दिल्ली आणि आजूबाजूच्या पट्ट्यात पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षं आणि डिझेलच्या गाडीला दहा वर्षं, असा नियम आहे. त्यानंतर ती गाडी रस्त्यावर दिसली तर उचलली जाऊ शकते आणि थेट भंगारात जाऊ शकते. या नियमाची अंमलबजावणी कधी कडक झाली, कधी सैल, मध्येच थांबली, पुन्हा सुरू झाली. हे मला ठाऊक होतं, कारण ते मी बातम्यांमध्ये लिहीत होते. दिल्लीतल्या एका वृत्तसंस्थेच्या मराठी डेस्कवर मी काम करते. इंग्रजीत आलेली बातमी मराठीत आणायची, तपासायची आणि जागेत बसवायची.

जागेत बसवायची म्हणजे शेवटून कापायची. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, आणि जागा कमी पडली की खालचा परिच्छेद जातो. पहिल्या नोकरीत पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. शिकवणारा कोण ते पुढे आपण विसरतो, हात विसरत नाही.

जीपला चौदा वर्षं आणि अकरा महिने होत आले होते. मी ते पाहिलंच नव्हतं. डोक्यात असं होतं की पंधरा पूर्ण झाली की इथल्या परिवहन कार्यालयातून ना-हरकत घ्यायची आणि गाडी महाराष्ट्रात न्यायची. तिथे हा नियम नाही. घाई कशाची?

घाई मेकॅनिकने सांगितली. फरीदाबादच्या जुन्या बाजारात त्याचं दुकान आहे. सगळे त्याला उस्ताद म्हणतात, मीही. नऊ वर्षं जीप त्याच्याकडेच जात होती. ऑइल बदलताना त्याने नोंदणीचं पुस्तक मागितलं, ग्रीसच्या हाताने नको म्हणून मला उघडून धरायला लावलं आणि वाचलं.

"मैडम, ये तो अगले महीने पूरी हो रही है."

"हाँ. उसके बाद एनओसी ले लेंगे."

"बाद में?" त्याने हात पुसले. "बाद में गाड़ी नहीं रहती मैडम, कबाड़ हो जाती है. कबाड़ की एनओसी कौन देगा? जो करना है, पहले."

"आपको किसने बताया?"

"मुझे किसने बताना है? तीन ग्राहकों की यहीं से उठी है."

मी त्याला म्हणाले की बघून सांगते. ऑफिसला गेले आणि जुन्या फायलींमध्ये ती बातमी शोधली. मीच संपादित केलेली होती, खाली माझी आद्याक्षरं होती. शेजारी मूळ इंग्रजी मजकूर होता. नऊ परिच्छेद. मराठीत आठ होते. नवव्यात लिहिलं होतं की गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची असल्यास नोंदणीची मुदत संपण्याआधी अर्ज करावा. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाचा विचार होईलच असं नाही. परिच्छेदाच्या बाजूला मी शेरा मारला होता: 'महाराष्ट्रातल्या वाचकाला याचा उपयोग नाही.'

मी तो शेरा दोनदा वाचला. तो लिहिताना माझी जीप खाली ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी होती. नियम दिल्लीकरांचा आणि वाचक महाराष्ट्रातला, अशी विभागणी माझ्या डोक्यात इतकी पक्की होती की या दोघांच्या मध्ये राहणारी एक बाई त्यात बसतच नव्हती.

चौतीस दिवस उरले होते.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी सल्ला दिला. सेक्रेटरी म्हणाले, भंगारात द्या, प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीवर सूट मिळते. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, गुपचूप चालवत राहा, कोण बघतंय. हा मार्ग मी घेतला नाही. मला ती लपवून चालवायची नव्हती. लपवून चालवलेली गाडी रोजची राहत नाही; प्रत्येक वळणावर आधी पोलीस बघायचा, मग रस्ता.

उस्तादने एका माणसाला घरी पाठवलं. मानेसरच्या रस्त्यावर तो रेस्टॉरंट काढत होता. त्याने पार्किंगमध्ये जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोनेटवर हात फिरवला आणि खूश झाला.

"बिल्कुल यही चाहिए था. गेट के सामने खड़ी करेंगे, पीछे फूल-पौधे, ऊपर लाइटें. बच्चे फ़ोटो खिंचवाएँगे."

"इंजिन?"

"इंजन की हमें ज़रूरत नहीं जी, वो आप रख लीजिए."

"फिर गाड़ी की क्या ज़रूरत है?"

तो हसला. मी हसत नाही हे पाहून त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, विचार करून कळवतो.

तो गेल्यावर नवरा जीपला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "ऐक ना. माझी बस त्याच रस्त्याने जाते."

"मग?"

"मग काय. रोज दिसेल मला. भंगारात तर जाणार नाही."

अकरा वर्षांत त्याने तिच्याबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द होता. मी तो ऐकला आणि नाही म्हणाले. दिसणं हा तिचा उपयोग नव्हता. पोटात माती भरून, चाकं विटांवर ठेवून तिला फाटकाशी उभी करायची आणि त्याला वाचवली म्हणायचं, यापेक्षा भंगारवाला प्रामाणिक. तो निदान सांगतो की गाडी संपली.

"तुझा हट्ट आहे," तो म्हणाला.

"आहे."

"मग न्यायची कुठे? चालवणार कोण?"

हा प्रश्न बरोबर होता. ना-हरकत मिळाली तरी महाराष्ट्रात ती रोज चालवणारं कोणीतरी हवं होतं. पुण्यात भावाच्या इमारतीखाली कव्हर घालून ठेवायची तर रेस्टॉरंट काय वाईट?

माझी धाकटी बहीण अकोले तालुक्यात गुरांची डॉक्टर आहे. घाटाच्या पोटाशी वाड्या आहेत आणि तिथपर्यंत ती मोटारसायकलने जाते. मागच्या वर्षी उतारावर घसरून तिचं खांद्याचं हाड मोडलं होतं, सहा आठवडे घरी होती. मी तिला फोन लावला आणि सांगितलं.

"ताई, तुझी दिल्लीची अडगळ माझ्या दारात नको."

"अडगळ नाही. रोज पन्नास किलोमीटर होतात तिचे."

"डांबरावर."

"हो, डांबरावर. पण बनवली आहे तुझ्या रस्त्यासाठी."

"मला रस्ताच नाहीये. बरं, सकाळी पहिल्या किल्लीला चालू होते?"

"उन्हाळ्यात होते."

"आणि थंडीत?"

"दुसऱ्या."

"ताई."

"तिसऱ्या. पण होते."

ती हसली. पाठीमागे कुठेतरी म्हैस ओरडत होती आणि बहीण फोन खांद्याला धरून कोणाला तरी दोर घट्ट धरायला सांगत होती. मग परत माझ्याशी म्हणाली, "हे बघ, मी तिला जपणारबिपणार नाही. चिखलात घालीन, मागे वासरू टाकीन, शेणाने भरेल. नंतर माझी जीप, माझी जीप करून फोन करायचा नाही."

"नाही करणार. माझी एकच अट."

"काय?"

"रोज चालवायची. कव्हर घालायचं नाही."

"कव्हर?" ती म्हणाली. "इथे मला रेनकोट मिळत नाही वेळेवर."

असं ठरलं. सत्तावीस दिवस उरले होते.

अर्जाला गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबराची पेन्सिलने काढलेली छाप लागते. सांगाडा म्हणजे खालची लोखंडी चौकट. तिच्यावर कारखान्यात नंबर ठोकलेला असतो. कागद त्याच्यावर धरून पेन्सिल आडवी घासली की अक्षरं उमटतात. पहिली छाप उस्तादकडच्या कारागिराने काढली. अर्ज परत आला: छाप अस्पष्ट, चार आकडे वाचता येत नाहीत. दहा दिवस त्यात गेले.

मी रजा घेऊन जुन्या बाजारात गेले. नंबर पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला होता. ठेकेदाराने गाडी दोनदा रंगवलेली, त्याच्या आधीचा कारखान्याचा रंग, वर अकरा वर्षांची माती आणि ग्रीस. उस्तादने चाक काढलं, रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि बारीक पॉलिश कागद हातात घेतला. मग थांबला.

"मैडम, पेंट के नीचे ज़ंग है. ज़ोर से घिसा तो पेंट के साथ नंबर भी जाएगा."

"और नहीं घिसा तो?"

"तो गाड़ी जाएगी."

नंबर गेला तर गाडीची ओळखच गेली. मग ना-हरकत नाही, महाराष्ट्र नाही, काहीच नाही. मी म्हणाले, कागद द्या, मी घासते. तो नको नको म्हणाला. शेजारच्या दुकानातले दोघं-तिघं येऊन उभे राहिले. एक म्हणाला, "मैडम, आप रहने दो, कपड़े ख़राब होंगे, हम कर देते हैं." मी म्हणाले, "आपसे नंबर ख़राब हुआ तो आपको अफ़सोस होगा. मुझसे हुआ तो मुझे सिर्फ़ ग़ुस्सा आएगा, अपने पर." पोतं अंथरलं आणि खाली आडवी झाले.

पॉलिश कागद पाण्यात भिजवून दोन बोटांनी फिरवायचा, तीन-चार वेळा, मग पुसायचं आणि बघायचं. आधी काळा रंग गेला, मग हिरवा. हिरव्याखाली पुन्हा हिरवा, जरा गडद. एका जागी तांबूस पापुद्रा होता. तिथे मी नखाने काढलं. मान अवघडली, डोळ्यात बारीक धूळ पडत होती. वर उभे असलेले लोक क्रिकेटवर बोलायला लागले. पाऊण तासाने पहिला आकडा स्वच्छ दिसला, मग त्याच्या पुढचे. शेवटून तिसऱ्यापाशी गंज होता आणि तिथे खड्डा पडला होता. खड्ड्याच्या कडेला आकड्याची वरची आडवी रेघ आणि खालचा पाय शिल्लक होता. सात होता. पुस्तकातही सात होता.

पेन्सिल मुलीच्या कंपासमधली आणली होती, मऊ शिशाची. पहिल्या छापेत सातचा पाय उमटला नाही. दुसरीत कागद सरकला. तिसरी चांगली आली. मी आणखी दोन काढल्या. उस्तादने त्या उजेडात धरून एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मी पुस्तकातून जुळवला. पत्रकारितेत याला ताडून पाहणं म्हणतात. इतक्या काळजीने मी एखादी बातमी ताडून पाहिली असेल असं वाटत नाही.

कार्यालयात खिडकीतल्या माणसाने छाप पाहिली, पुस्तक पाहिलं आणि विचारलं, "गाड़ी कहाँ है?"

"नीचे. उसी में आई हूँ."

"अभी चलती है?"

"रोज़."

त्याने मान वर करून पाहिलं. मग खाली येऊन, स्वतः वाकून नंबर बघून गेला. ते त्याचं काम होतं आणि त्याने ते नीट केलं. मुदत संपायला चार दिवस असताना ना-हरकत हातात आली. त्यातले दोन दिवस मी नेहमीसारखी जीप घेऊन ऑफिसला गेले. नवरा म्हणाला, आता कशाला, काहीतरी लागलं-बिगलं तर? मी म्हणाले, ऑफिस आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. नवऱ्याने चार दिवसांची रजा टाकली होती; का ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मुलगी आजीकडे. बल्लभगड, पलवल, होडल. हा पट्टा कुठे संपतो याची पाटी रस्त्यावर कुठेही नाही. नकाशाप्रमाणे होडल गेलं की राज्य बदलतं आणि नियमही. तिथून पुढे दोन-तीन किलोमीटरवर चहाच्या टपरीशी मी गाडी थांबवली. चहा झाल्यावर नवरा माझ्या बाजूला आला आणि हात पुढे केला.

"किल्ली दे."

"कोणी पाहिलं तर?"

"दे ना, यार."

पुढच्या कोसी गावापर्यंत त्याने गाडी चालवली. दोन्ही हात चाकावर, पाठ सरळ. मग एका ट्रकमागे ब्रेक दाबला आणि लगेच पुन्हा एकदा, मुद्दाम, दाबून पाहिला.

"डावीकडे ओढतेय."

"हो."

"कधीपासून?"

"घेतल्यापासून."

"अकरा वर्षं ब्रेक डावीकडे ओढतोय आणि तू मला सांगितलं नाहीस? मला? मी ब्रेकच तपासतो दिवसभर!"

"म्हणूनच नाही सांगितलं. पहिल्याच टेबलावर बाद केली असतीस."

त्याने गाडी कडेला घेतली, हत्यारांची पिशवी काढली आणि पुढचं डावं चाक उतरवलं. सव्वा तास गेला. घड्याळ बघून मी एकदा आठवण केली, तर म्हणाला, बहिणीला अशी द्यायची का? त्यानंतर तिने डावीकडे ओढलं नाही. स्टिअरिंग सरळ जातंय याची माझ्या हातांना सवय नव्हती. संध्याकाळपर्यंत मी उगाच उजवीकडे खेचत होते.

प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याला पोचलो. बहिणीने जीपकडे पाहिलं, दार उघडलं, लावलं. लागलं नाही. मी दणका कुठे द्यायचा ते दाखवलं. तिने एकदाच दिला, बरोबर जागी. मग आत जाऊन औषधांची पेटी आणली आणि मागच्या बाकावर ठेवली. "चला," ती म्हणाली, "एक वाडी आहे वर, तुम्ही चहा घेऊन बसा, मी येते." दारातून दिसणाऱ्या चढावाच्या पायथ्याशी ती उतरली आणि पुढच्या दोन्ही चाकांवरच्या चकत्या हाताने फिरवल्या. त्या फिरतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

महाराष्ट्राच्या नव्या नंबरपाट्या लागायला दोन महिने गेले. आता रोज संध्याकाळी बहिणीचा निरोप येतो. मी मागितला नव्हता. अट माझी होती म्हणून तिने हे आपणच सुरू केलं. बहुतेक वेळा एकच शब्द असतो: चालली. कधी जास्त. 'चालली. वायपर तुटला.' 'चालली. शेळ्या चार, माणसं सहा.' एकदा लागोपाठ दोन दिवस निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशी मी फोन केला. ती म्हणाली, "रेंज नव्हती गं बाई. आणि हो, पहिल्याच किल्लीला होते आता. तू काय करत होतीस तिला अकरा वर्षं?"

मी आता मेट्रोने जाते. गर्दीत उभी राहते, हातभर अंतर कोणी ठेवत नाही. बातमी जागेत बसवताना मी अजूनही शेवटून कापते, पण कापण्याआधी शेवटचा परिच्छेद पहिल्यांदा वाचते.

नवी गाडी घेतली नाही. शेवटच्या खांबापाशी पुठ्ठा उचलला तेव्हा खाली डाग होताच. सफाईवाल्याने दोनदा ॲसिड टाकून घासला. गेला नाही. परवा सेक्रेटरी लिफ्टपाशी भेटले.

"भाभीजी, वो आपकी पार्किंग की जगह. अब ख़ाली ही है, तो हमारे दामाद की गाड़ी..."

"ख़ाली नहीं है, अंकल."

"गाड़ी तो गई ना?"

"हाँ," मी म्हणाले. "काम पर गई है."